रेंजर स्कूल, स्त्रिया आणि निकष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२१ ऑगस्ट २०१५ रोजी अमेरिकी लष्कराच्या रेंजर स्कूलमधून पहिल्यांदाच दोन स्त्रिया उत्तीर्ण झाल्या. तेव्हा पेटलेला वाद दहा वर्षांनंतरही शमलेला नाही. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा तीच वाक्यं आपल्याकडेही ऐकू आली: ‘निकष शिथिल केले असणार’, ‘वरून दबाव असणार’, ‘फोटोपुरतं आहे हो सगळं’.

अशी शंका घेणारा प्रत्येक जण बायकांच्या विरोधात असतो, असं मला वाटत नाही. लढाईत आपला जीव शेजारच्या माणसाच्या हवाली असतो. तो माणूस खरंच तावून सुलाखून निघाला आहे का, हे विचारायचा हक्क प्रत्येक सैनिकाला आहे. फक्त प्रश्न विचारला की उत्तर ऐकून घ्यायचीही तयारी हवी. ते उत्तर तपशिलात आहे, म्हणून इथे तपशील भरपूर दिले आहेत.

रेंजर स्कूल म्हणजे नेमकं काय?

लहान तुकडीचं नेतृत्व शिकवणारा, साधारण दोन महिन्यांचा लष्करी अभ्यासक्रम. कोरियाच्या युद्धाच्या वेळी, १९५० मध्ये, तो सुरू झाला. त्याचे टप्पे तीन: जॉर्जिया राज्यातला फोर्ट बेनिंग हा लष्करी तळ, त्याच राज्याच्या उत्तरेला डॅलोनेगाजवळचे डोंगर आणि शेवटी फ्लोरिडातल्या दलदली.

पहिल्या काही दिवसांत शारीरिक चाळणी होते. २०१५ मध्ये ती अशी होती: दोन मिनिटांत ४९ पुशअप, दोन मिनिटांत ५९ सिटअप, ४० मिनिटांच्या आत पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर धावणं आणि सहा चिनअप. मग पाण्यातली चाचणी, रात्रीच्या अंधारात नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरलेल्या खुणा शोधणं, चिखलातले अडथळे. सर्वांत शेवटी पाठीवर सुमारे १६ किलो ओझं आणि हातात रायफल घेऊन बारा मैल, म्हणजे १९ किलोमीटरहून थोडं जास्त अंतर, तीन तासांत कापायचं. जे गळतात त्यांतले बहुतेक इथेच गळतात.

रेंजर स्कूलचा खरा कस मात्र त्यानंतर लागतो. दिवसाला जेवणाची एक-दोन पाकिटं, झोप दोन-तीन तास, कधी तीही नाही. पाठीवर तीस-चाळीस किलो. अशा अवस्थेत अचानक तुमचं नाव पुकारलं जातं: आता तू तुकडीप्रमुख. योजना आखायची, आदेश द्यायचे, रात्रभर जंगलातून तुकडी न्यायची, दबा धरायचा, छापा घालायचा आणि माणसं मोजून परत आणायची. प्रशिक्षक मागून चालत टिपणं घेत असतो. विद्यार्थी चालता चालता झोपतात. पाय चालू असतात, डोळे उघडे असतात आणि पुढचा थांबला की हा त्याच्या सॅकवर जाऊन आदळतो. कोणी झाडाला माणूस समजून त्याच्याशी बोलू लागतो.

याशिवाय सोबती एकमेकांचं मूल्यमापन करतात. त्यात तळाला राहिलात तर बाकी सगळं उत्तम असूनही घरी जावं लागू शकतं. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एखाद्या प्रशिक्षकाची नजर चुकवता येईल, पण उपाशी आणि झोपेला आसुसलेल्या सोबत्यांची चुकवता येत नाही. मशिनगन पुढे होऊन कोणी उचलली आणि तेव्हा बुटाची नाडी बांधायला कोण वाकलं, हे त्यांच्या पक्कं लक्षात असतं.

सुरुवात करणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमीच शेवटपर्यंत पोचतात. पोचणाऱ्याला डाव्या खांद्यावर लावायची काळी-सोनेरी पट्टी मिळते. तिला ‘रेंजर टॅब’ म्हणतात.

म्हणजे या स्त्रिया रेंजर रेजिमेंटमध्ये भरती झाल्या का?

नाही. रेंजर स्कूल हे प्रशिक्षण आहे, तर ७५ वी रेंजर रेजिमेंट ही प्रत्यक्ष लढणारी विशेष पलटण. तिची निवड चाचणी वेगळी. रेंजर स्कूलला लष्कराच्या कोणत्याही शाखेतले लोक येतात आणि टॅब घेऊन आपापल्या जागी परत जातात. पण पायदळातल्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर टॅब नसेल तर त्याची पुढची वाट अवघड होते, म्हणून या पट्टीला एवढं मोल.

२०१५ पर्यंत स्त्रियांना प्रवेश का नव्हता?

अमेरिकेत १९९४ पासून नियम होता की जमिनीवर थेट लढणाऱ्या तुकड्यांत स्त्रियांना नेमायचं नाही. इराक आणि अफगाणिस्तानात हा नियम कागदावरच राहिला, कारण आघाडी आणि पिछाडी अशी रेषाच तिथे उरली नव्हती. रसद नेणाऱ्या ताफ्यावरही हल्ला व्हायचा. २००५ मध्ये लष्करी पोलीस दलातल्या ली ॲन हेस्टर यांनी अशाच एका हल्ल्यात खंदकात उतरून शत्रूशी समोरासमोर लढत दिली आणि त्यांना सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळालं. पुढे अफगाणिस्तानात विशेष दलांबरोबर रात्रीच्या छाप्यांवर स्त्री सैनिकांची पथकं जाऊ लागली, कारण घरातल्या बायकांची झडती घेणं आणि त्यांच्याशी बोलणं पुरुष सैनिकांना शक्य नव्हतं. अशाच एका छाप्यात लेफ्टनंट ॲश्ली व्हाइट ऑक्टोबर २०११ मध्ये कंदाहार प्रांतात मारल्या गेल्या.

२४ जानेवारी २०१३ रोजी संरक्षणमंत्री लिऑन पॅनेटा यांनी १९९४ चा नियम उठवला. कोणत्या जागा बंद ठेवायच्या आणि का, हे सेनादलांनी २०१६ च्या सुरुवातीपर्यंत सिद्ध करायचं होतं. रेंजर स्कूलचा प्रयोग त्या मुदतीच्या आत झाला.

२०१५ मध्ये क्रमाने काय घडलं?

आधी इच्छुक स्त्रियांना फोर्ट बेनिंगलाच दोन आठवड्यांच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमातून जावं लागलं. शंभराहून अधिक जणींनी प्रयत्न केला, वीस पात्र ठरल्या. २० एप्रिलला सुरू झालेल्या वर्गात १९ स्त्रिया आणि सुमारे ३८० पुरुष होते. शारीरिक चाळणीतून आठ स्त्रिया पार पडल्या.

मग त्या अडकल्या. पहिल्या टप्प्यातून पुढे डोंगरांत एकीलाही जाता आलं नाही. आठही जणींनी तो टप्पा पुन्हा केला आणि पुन्हा त्याच जागी अडल्या. पाच जणी परत गेल्या. उरलेल्या तिघींना अगदी पहिल्या दिवसापासून सगळं नव्याने करण्याचा पर्याय दिला गेला. तिघींनीही तो घेतला.

त्यांतल्या कॅप्टन क्रिस्टन ग्रीस्ट लष्करी पोलीस दलातल्या, तर लेफ्टनंट शे हेव्हर अपाची हेलिकॉप्टरच्या वैमानिक. या दोघी ऑगस्टमध्ये ९४ पुरुषांबरोबर उत्तीर्ण झाल्या. तिसऱ्या मेजर लिसा जॅस्टर, राखीव दलातल्या अभियंता, वय ३७, दोन मुलांची आई. त्या ऑक्टोबरमध्ये उत्तीर्ण झाल्या.

अडकण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अडचण आली ती गस्तींचं नेतृत्व करताना. पायदळातला तरुण अधिकारी रेंजर स्कूलला येण्याआधी महिनोन्‌महिने हेच शिकलेला असतो. या स्त्रिया पोलीस दल, हवाई शाखा, अभियंता दल अशा ठिकाणांहून आलेल्या होत्या, कारण पायदळात त्यांना प्रवेशच नव्हता. ज्या कामाची सवय होऊ दिली नाही त्याच कामाची परीक्षा त्यांना द्यावी लागली.

सरळ सांगा: निकष खाली आणले होते की नाही?

चाचण्यांचे आकडे बदलले नव्हते. पुशअप, चिनअप, धावण्याची वेळ, ओझं, अंतर सगळ्यांना एकच होतं. फोर्ट बेनिंग तळाचे प्रमुख मेजर जनरल स्कॉट मिलर यांनी पदवीदान समारंभातच हा विषय काढला होता: पाच मैल आजही पाच मैलच आहेत, वेळाही त्याच आहेत, डोंगर आणि दलदली जागच्या हललेल्या नाहीत आणि वरून कोणी दबाव आणलेला नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

त्यानंतर साधारण महिन्याभराने एका अमेरिकी साप्ताहिकाने नाव न सांगणाऱ्या सूत्रांच्या आधारे उलट आरोप छापले. ओक्लाहोमाचे खासदार स्टीव्ह रसेल यांनी या स्त्रियांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी लष्कराकडे मागितल्या. रसेल स्वतः रेंजर टॅबधारी निवृत्त लष्करी अधिकारी, त्यामुळे त्यांच्या मागणीला वजन होतं. लष्कराने आरोप ठामपणे फेटाळले.

रसेल यांनी नोंदी मागितल्या यात मला काही गैर वाटत नाही. वाईट वाटतं ते ज्यांच्यावर आरोप झाले त्यांच्यासाठी. निनावी माणूस ‘मी ऐकलंय’ म्हणतो आणि ज्या बाईने खरंच ते ओझं वाहिलं तिला आयुष्यभर खुलासे करत बसावं लागतं. त्याच वर्गातल्या पुरुषांनी तर नाव-चेहऱ्यासह पत्रकारांसमोर साक्ष दिली. एका तरुण अधिकाऱ्याने सांगितलं की कूच चालू असताना तो कोलमडायच्या बेताला आला होता. माझ्याकडचं थोडं वजन कोणी घेईल का, असं त्याने सगळ्यांना विचारलं आणि पुढे आली एकटी हेव्हर. ती नसती तर मी आज इथे बसलो नसतो, असं तो म्हणाला. स्वतःही उपाशी, स्वतःही थकलेली, आणि वर दुसऱ्याचं वजन. सोबत्यांच्या मूल्यमापनात जे पाहिलं जातं ते हेच.

त्या वर्गांवर नजर ठेवायला काही स्त्री अधिकारी निरीक्षक म्हणून नेमल्या होत्या, त्यावरूनही कुजबुज झाली. त्यांना गुण द्यायचा अधिकार नव्हता. गुण नेहमीचे रेंजर प्रशिक्षकच देत होते.

पण त्यांना जास्त संधी मिळाल्या, हे तर खरं ना?

विरोधकांच्या सगळ्या मुद्द्यांत मला हा सर्वांत दमदार वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

टप्पा पुन्हा करणं ही रेंजर स्कूलमधली रोजची गोष्ट आहे. साधारण तिनातला एक विद्यार्थी एखादा तरी टप्पा दुसऱ्यांदा करतो, आणि त्याच्या टॅबकडे कोणी बोट दाखवत नाही. पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरुवात करू देणं मात्र विरळा. ती मुभा त्या वेळी या तीन स्त्रियांबरोबर पुरुष विद्यार्थ्यांनाही दिली गेली होती आणि ती नियमांत आधीपासून होती. तरी ‘याच वेळी का?’ असा प्रश्न मनात येणं साहजिक आहे.

आता त्या मुभेचा अर्थ पाहा. दोन महिने अर्धपोटी राहून, जंगलात लोळून, दोनदा अपयश घेऊन झाल्यावर तुम्हाला सांगितलं जातं: पुन्हा पुशअपपासून सुरू कर. आठ किलोमीटरही पुन्हा, बारा मैलही पुन्हा. म्हणजे जी शारीरिक चाळणी अनेकांना एकदाही झेपत नाही, ती या तिघींनी एप्रिलमध्ये पार केली आणि जूनमध्ये परत पार केली. ही मेहेरबानी असेल तर फार महागडी म्हणायची.

पूर्वतयारी वर्गाबद्दलही असाच आक्षेप घेतला जातो. स्त्रियांना तो सक्तीचा होता, हे खरं. नॅशनल गार्ड या राखीव दलातल्या पुरुषांनाही तो सक्तीचाच असतो आणि बाकीच्यांतले काही पुरुषही तो करून येतात. माझं मत विचाराल तर तयारी जास्त करून घेणं आणि निकष खाली आणणं या दोन गोष्टी एका तागडीत टाकू नयेत. मात्र कोणती मुभा कोणाला, किती वेळा दिली जाते याचे आकडे प्रत्येक वर्गाबरोबर जाहीर व्हावेत, मग विद्यार्थी पुरुष असो वा स्त्री. कुजबुजीला तेवढाच उतारा आहे.

लष्करात स्त्रियांचे निकष वेगळे असतात, असं ऐकलं होतं. ते खोटं का?

ते खोटं नाही. गोंधळ होतो कारण ‘निकष’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात.

महाराष्ट्र पोलीस भरती आठवा. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८०० मीटर. गोळ्याचं वजनही वेगळं. हा पहिला प्रकार: आपापल्या गटात उमेदवार किती तंदुरुस्त आहे हे मोजायचं. दुसरा प्रकार कामाचा. जखमी सोबत्याला ओढून आडोशाला न्यायचं असेल तर त्याचं वजन ओढणारा कोण आहे हे पाहून कमी होत नाही. तिथे निकष एकच असावा लागतो.

अमेरिकी लष्कराची सर्वसाधारण तंदुरुस्ती चाचणी अनेक दशकं पहिल्या प्रकारची होती, म्हणजे वय आणि लिंगानुसार वेगळे गुण. रेंजर स्कूलची चाळणी दुसऱ्या प्रकारची, सगळ्यांना एकच. टीकाकार पहिल्या चाचणीचे तक्ते दाखवून दुसऱ्या चाचणीबद्दल निष्कर्ष काढतात. इथेच चर्चेची गाडी रुळावरून घसरते.

पुढे लष्कराने सगळ्यांसाठी एकच निकष असलेली नवी तंदुरुस्ती चाचणी आणायचं ठरवलं. त्यात स्त्रिया मोठ्या संख्येने नापास होऊ लागल्या. शेवटी २०२२ मध्ये ती पुन्हा वय आणि लिंगानुसार विभागली गेली. या माघारीला जाहीर विरोध करणाऱ्यांत ठळक नाव होतं क्रिस्टन ग्रीस्ट यांचं. त्या तोवर अमेरिकी पायदळाच्या पहिल्या स्त्री अधिकारी झाल्या होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी लेख लिहून बजावलं की लढाऊ जागांसाठी स्त्रियांचे निकष खाली आणाल तर लष्कराचं नुकसान होईल आणि स्त्रियांचंही, कारण प्रत्येक स्त्री सैनिकाकडे मग संशयानेच पाहिलं जाईल. ज्यांच्यावर सवलत घेतल्याचा आरोप झाला त्याच सवलतीच्या विरोधात उभ्या राहिल्या. या वादात मला याहून वजनदार आवाज दुसरा ऐकू आलेला नाही.

जून २०२५ मध्ये अमेरिकी लष्कराने चाचणी पुन्हा बदलली आणि २१ प्रकारच्या लढाऊ कामांसाठी स्त्री-पुरुषांना एकच निकष ठरवला.

मरीन कोअरच्या अभ्यासाने तर स्त्रिया कमी पडतात हे सिद्ध केलं ना?

मरीन कोअर म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारं अमेरिकेचं वेगळं सैन्यदल. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याने एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष जाहीर केले. १३४ कामांपैकी ९३ कामांत फक्त पुरुषांच्या तुकड्या मिश्र तुकड्यांपेक्षा सरस ठरल्या. दुखापतींचं प्रमाण स्त्रियांत ४०.५ टक्के, तर पुरुषांत १८.८ टक्के निघालं. आकडे गंभीर आहेत. स्त्रियांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते झटकून टाकले तेव्हा मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. विशेषतः दुखापतींचा आकडा. त्या स्त्रियांची हाडं, त्यांचे गुडघे आणि त्यांची पुढची वर्षं त्या आकड्यात आहेत.

पण अभ्यासाने नेमकं काय मोजलं? गटाची सरासरी. त्यातल्या अनेक पुरुषांना पायदळात काम केल्याचा अनुभव होता, तर स्त्रिया पायदळाचं प्राथमिक प्रशिक्षण संपवून नुकत्याच आलेल्या. आणि त्या कामासाठी आधी एक पक्का निकष लावून, तो पार करणाऱ्या स्त्रियांचीच तुकडी बनवली होती, असंही नाही. नौदल विभागाचे मंत्री रे मेबस यांनी याच मुद्द्यांवर अभ्यासावर टीका केली. सरासरी स्त्री सरासरी पुरुषापेक्षा कमी वजन उचलते, हे कोणी नाकारत नाही. पण रेंजर स्कूलच्या दारात सरासरी माणूस उभाच नसतो, पुरुषांतलाही नाही.

मरीन कोअरने काही जागा बंद ठेवण्याची परवानगी मागितली होती. संरक्षणमंत्री ॲश कार्टर यांनी ३ डिसेंबर २०१५ रोजी ती नाकारली आणि सगळी कामं खुली केली.

मरीन कोअरचा पायदळ अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम क्वांटिकोला होतो. २०१२ ते २०१५ मध्ये तिथे सुमारे तीस स्त्रियांनी प्रयत्न केला, एकही उत्तीर्ण झाली नाही. पहिली स्त्री उत्तीर्ण झाली ती सप्टेंबर २०१७ मध्ये, आणि तेव्हा तिने नाव जाहीर करू दिलं नाही. त्यानंतर काही महिन्यांनी सुरुवातीची गाजलेली सहनशक्ती चाचणी उत्तीर्ण होण्याची अट काढण्यात आली. ‘बघा, आम्ही म्हणत होतो!’ असा गलका लगेच झाला. त्या स्त्रीच्या वेळी ती अट होती, हे गलक्यात कोणी ऐकलं नाही. अट काढण्यामागे लष्करी कारण असेलही, पण ती वेळ साधायला नको होती.

स्त्रीचं शरीर या कामासाठी बनलेलंच नाही, यात काहीच तथ्य नाही का?

फरक खरे आहेत. सरासरीने स्त्रियांच्या खांद्या-दंडांतली ताकद पुरुषांपेक्षा बरीच कमी असते, पायांतला फरक त्यामानाने कमी. हिमोग्लोबिन कमी असतं. लष्करी प्रशिक्षणात पायाच्या आणि कमरेच्या हाडांना बारीक तडे जाण्याचं प्रमाण स्त्रियांत कितीतरी जास्त आढळतं. ओझं तेच आणि वाहणारं शरीर लहान, म्हणजे शरीराच्या वजनाच्या मानाने भार जास्त.

म्हणूनच पात्र ठरणाऱ्या स्त्रिया थोड्या असतात आणि थोड्याच राहतील. निम्म्या जागा स्त्रियांनी भराव्यात असं लक्ष्य कोणी अशा प्रशिक्षणाला लावलं तर मी त्याला विरोधच करेन. पण ‘थोड्या’ म्हणजे ‘शून्य’ नव्हे.

जंगलात पाळी, लघवी, झोपणं याचं काय करतात?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. स्त्रियांच्या सामानाच्या यादीत सॅनिटरी पॅड, स्पोर्ट्‌स ब्रा, ओले रुमाल आणि उभ्याने लघवी करता यावी यासाठीचं एक छोटं नरसाळ्यासारखं साधन घातलं गेलं. बाकी यादी तीच. गस्तीवर सगळे एकाच चिखलात झोपतात. खरं तर तिथे झोपच नसते, आणि आठ दिवसांच्या घामाने सगळ्यांनाच सारखा वास येत असतो. एवढ्या उपासमारीत आणि ताणात अनेकींची पाळी काही काळ थांबते. तो शरीराने दिलेला धोक्याचा इशारा असतो.

आजवर किती स्त्रिया उत्तीर्ण झाल्या?

२०२५ च्या सुरुवातीपर्यंत दीडशेहून अधिक. २०२० मध्ये एक स्त्री अमेरिकी लष्कराच्या स्पेशल फोर्सेसचा अभ्यासक्रमही पूर्ण करून बाहेर पडली. नौदलाच्या सील पथकात अजून एकही स्त्री पोचलेली नाही. निकष गुपचूप खाली आणले असते तर तिथेही एव्हाना कोणीतरी ‘पोचवली’ गेली असती.

स्त्रियांची वेगळी विशेष तुकडी का काढत नाहीत?

नॉर्वेने काढली आहे. २०१४ मध्ये तिथल्या विशेष दलात ‘येगरट्रोपेन’ नावाची फक्त स्त्रियांची तुकडी सुरू झाली. जिथे स्थानिक स्त्रियांशी संपर्क लागतो अशा कामांसाठी ही वाट चांगली आहे. पण रेंजर स्कूलचा प्रश्न तिने सुटत नाही, कारण रेंजर टॅब मिळवणारी अधिकारी पुढे पुरुषांच्याच तुकडीचं नेतृत्व करणार असते.

निकष बदलले म्हणजे उतरवले असंच समजायचं का?

नाही. एप्रिल २०२५ पासून रेंजर स्कूलने पहिल्या दिवसाची चाचणी बदलली. ४९ पुशअप आणि ५९ सिटअप गेले. त्याजागी गणवेश, बूट, हेल्मेट आणि शस्त्रासह सलग करायची मालिका आली: ८०० मीटर धावणं, ३० पुशअप, १०० मीटर वेगात धावणं, वाळूची पोती उचलणं, पाण्याचे दोन कॅन घेऊन जाणं, सरपटणं आणि पुन्हा ८०० मीटर, सगळं १४ मिनिटांत. मग सहा चिनअप आणि ३२ मिनिटांत चार मैल. पुशअपचा आकडा घटला म्हणून ही चाचणी सोपी झाली असं म्हणायचं असेल, तर बूट-हेल्मेट घालून एकदा करून बघावी. लढाईत करावं लागणारं काम तिच्यात जास्त दिसतं. बदल कामाला धरून आहे का, आधी जाहीर केला आहे का आणि सगळ्यांना एकसारखा लागू आहे का, एवढं तपासलं की पुरे.

एनडीएच्या मुलींचं काय? तिथे निकष एकच होते का?

सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या अंतरिम आदेशाने मुलींना एनडीएची परीक्षा देता आली. २०२२ मध्ये १९ जागांसाठी पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली. लष्कराच्या १०, हवाई दलाच्या ६ आणि नौदलाच्या ३. त्यांतल्या १७ जणी ३० मे २०२५ रोजी १४८ व्या तुकडीबरोबर, तीनशेहून अधिक मुलांसह संचलन करत बाहेर पडल्या.

भारतीय लष्करात शारीरिक चाचण्यांच्या वेळा स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या आहेत, हे उघड आहे. तरीही रेंजर स्कूलशी एनडीएची तुलना बसत नाही. एनडीए ही अधिकारी घडवणारी प्रबोधिनी. तिथून पुढे कोणी वैमानिक होतो, कोणी सिग्नलमध्ये जातो, कोणी जहाजावर. रेंजर स्कूलच्या जवळ जाणारं आपल्याकडचं काही शोधायचं तर ते बेळगावचं कमांडो प्रशिक्षण. पायदळ, रणगाडा दल आणि यांत्रिक पायदळ भारतात स्त्री अधिकाऱ्यांना अजून बंद आहेत, त्यामुळे अमेरिकेतला हा वाद आपल्याकडे त्या दारापर्यंत आलेलाच नाही. तोफखान्याचं दार २०२३ मध्ये उघडलं.

ते दार उघडेल तेव्हा निकष आधी ठरवून, छापून, सगळ्यांसमोर ठेवलेले असावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुली आत आल्यावर नियम लिहायला घेतले तर त्या कितीही चांगल्या असल्या तरी त्यांच्यावर संशयाचा डाग राहील.

माझ्या मुलीला सैन्यात जायचं आहे. तयारी कशी करावी?

एनडीए असो वा पुढचं काही, सुरुवात ताकदीपासून करा. आपल्याकडे मुलींना नुसतं धावायला लावतात, आणि खांदे, पाठ, पकड तशीच कच्ची राहते. बारला लटकणं, मग कोणाचा तरी आधार घेऊन पुलअप, मग स्वतःच्या बळावर एक. या एका पुलअपला कित्येक महिने लागू शकतात आणि ते स्वाभाविक आहे. वजन उचलण्याचे व्यायाम जाणकाराच्या देखरेखीखाली शिकवा. नाशिकला मुलींसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, तिथल्या प्रवेशाची माहिती दहावीच्या आधीच काढून ठेवा.

पाठीवर ओझं घेऊन आधी चालायचं, धावायचं नाही. चार-पाच किलोपासून सुरू करून दर आठवड्याला थोडंच वाढवायचं, आणि अंतर व वजन एकाच वेळी वाढवायचं नाही. नडगीत एकाच जागी, बोट ठेवता येईल असं दुखत असेल तर ‘सहन कर’ म्हणू नका, धावणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासून घ्या, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. व्यायाम वाढवल्यावर पाळी दोन-तीन महिने चुकली तर तिचं खाणं कमी पडतं आहे असं समजून आधी ताट वाढवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा.